विहीणबाईंचे पूर्वज खरंच मेफ्लॉवरवरून आले का? वंशावळ तपासायला मदत हवी

सदाफुली

नमस्कार मंडळी. विषय आपल्या अंगणाबाहेरचा आहे, पण इथे कुलवृत्तांतांवर हिरिरीने भांडणारी जाणकार मंडळी बरीच आहेत, म्हणून धागा काढतेय.

माझी सून मॅसॅच्युसेट्सची. तिच्या आईचं, म्हणजे आमच्या विहीणबाईंचं माहेरचं आडनाव हाउलंड. १६२० साली 'मेफ्लॉवर' जहाजातून जे १०२ प्रवासी अमेरिकेत आले, त्यांतल्या जॉन हाउलंडचे आम्ही वंशज, असं त्यांच्या घरात कायम सांगत आलेत. विहीणबाईंच्या आत्याने हाताने काढलेला एक तक्ता आहे. खालचा भाग चोख आहे: जन्म, लग्न, मृत्यू, गाव, सगळं. तो न्यूयॉर्क राज्यातल्या एका शेतकरी पणजोबा-खापरपणजोबापर्यंत (जन्म साधारण १८००) नीट जातो. त्याच्या वर मात्र नुसती नावं, ना साल ना गाव. आणि सगळ्यात वर ठसठशीत अक्षरात 'जॉन हाउलंड आणि पत्नी एलिझाबेथ, गव्हर्नर कार्व्हर यांची कन्या'.

मेफ्लॉवरच्या वंशजांची एक संस्था आहे, १८९७ पासूनची. तिथे नातीचं नाव नोंदवावं अशी विहीणबाईंची फार इच्छा. संस्था म्हणते, प्रत्येक पिढीचा कागद दाखवा. विहीणबाईंची नजर आता साथ देत नाही, आणि मला या उचापतींची आवड. कुठून सुरुवात करू?

टवाळ_कार्टं

म्हणजे 'आमचे पणजोबा पानिपतातून परत आले' हा प्रकार तिकडेही आहे तर! वाचतोय. 🍿

दप्तरखाना

सदाफुलीताई, तक्त्याचा वरचा भाग आत्यांनी कुठल्यातरी जुन्या पुस्तकातून उतरवून घेतलाय हे शेवटच्या ओळीवरूनच कळतं. एलिझाबेथ ही कार्व्हरची मुलगी नव्हती. तिच्या वडिलांचं नाव जॉन टिली. ही चूक शंभर-दीडशे वर्षं लोक बिनदिक्कत छापत होते. ही मंडळी जिथे वसली त्या प्लिमथ गावच्या टेकडीवरच्या दफनभूमीत तर ती दगडात कोरून ठेवली होती. पुढे नवा दगड बसवावा लागला.

चूक का झाली तेही समजण्यासारखं आहे. हाउलंड हा जॉन कार्व्हरचा नोकर म्हणून जहाजावर चढला. कार्व्हर वसाहतीचा पहिला गव्हर्नर. पहिल्याच हिवाळ्यात निम्मी माणसं गेली. एलिझाबेथ तेव्हा १३ वर्षांची. तिचे आई, वडील, काका, काकू असे चौघेही गेले. १६२१ च्या वसंतात कार्व्हर गेला, पाठोपाठ त्याची बायको. उरलेल्या पोरक्या मुलीचं पुढे हाउलंडशी लग्न झालं. दोन-तीन पिढ्यांनी कुणीतरी विचारलं असेल, आजीचं माहेर कुठलं? नोकरापेक्षा गव्हर्नरचा जावई ऐकायला बरा वाटतो. झालं.

खरं कळलं ते कसं, ते तर कादंबरीत शोभेल. दुसरा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने वसाहतीची हकीकत स्वतःच्या हाताने लिहून ठेवली होती. ते हस्तलिखित बॉस्टनच्या ओल्ड साउथ चर्चच्या मनोऱ्यात असायचं. स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत तिथून गायब झालं आणि १८५० च्या दशकात सापडलं थेट लंडनच्या बिशपच्या फुलहॅम इथल्या ग्रंथसंग्रहात. १८५६ ला छापलं गेलं, १८९७ ला मूळ वही बॉस्टनला परत आली. तिच्या शेवटी ब्रॅडफर्डने सगळ्या प्रवाशांची यादी केली आहे आणि तीसएक वर्षांनी कुणाचं काय झालं ते एकेकाच्या पुढे लिहिलंय. हाउलंडपुढे स्वच्छ शब्दांत आहे: जॉन टिलीच्या मुलीशी लग्न केलं, दहा मुलं, सगळी हयात.

पुढे इंग्लंडमध्ये तिच्या बाप्तिस्म्याची नोंदही मिळाली: हेन्लो, बेडफर्डशायर, ३० ऑगस्ट १६०७.

पावसाळी_छत्री

जॉन हाउलंड म्हणजे समुद्रात पडला होता तोच ना? वादळात डेकवर आला आणि लाटेबरोबर बाहेर फेकला गेला. शिडाचा एक दोर पाण्यात लोंबकळत होता तो हाताला लागला. बराच खोल गेला तरी सोडला नाही. मग आकडी घालून वर ओढला. ब्रॅडफर्डनेच लिहिलंय. त्या दोराला धरून किती जण लटकलेत बघा: फ्रँकलिन रूझवेल्ट, दोन्ही बुश, लेखक इमर्सन, नट हम्फ्री बोगार्ट...

टवाळ_कार्टं

दोर तुटला असता तर इराक युद्ध झालं नसतं. (हलकेच घ्या.)

कोरा_कागद

दप्तरखाना, एक शंका. बायकोचं माहेर ब्रॅडफर्डमुळे कळलं. पण हाउलंडचं इंग्लंडमधलं घर कसं सापडलं? नोकर माणूस, त्याचं कोण काय लिहून ठेवणार?

दप्तरखाना

पैशामुळे सापडलं. नेहमी पैशामुळेच सापडतं. लंडनमध्ये हम्फ्री हाउलंड नावाचा एक कापड व्यापारी १६४६ मध्ये वारला. न्यू इंग्लंडमधल्या एका माणसाकडे त्याचं येणं होतं. त्या वसुलीतून आर्थर, जॉन आणि हेन्री या आपल्या तीन भावांना थोडे थोडे पौंड द्यावेत असं त्याने मृत्युपत्रात लिहिलं. प्लिमथ वसाहतीत याच नावांचे तीन हाउलंड होते. मग माग लागला हंटिंग्डनशायरमधल्या फेनस्टँटन गावापर्यंत. तिथल्या चर्चच्या वहीत १६३५ साली हेन्री हाउलंड नावाच्या म्हाताऱ्याच्या दफनाची नोंद आहे. तो यांचा बाप.

जॉनचं जन्मसाल मात्र अंदाजाचंच. मरताना त्याचं वय ऐंशीच्या वर लिहिलंय, म्हणजे जन्म १५९२ च्या आसपास येतो. पण मग १६२० मध्ये तो अठ्ठावीस वर्षांचा अविवाहित नोकर ठरतो, जे पटत नाही. म्हणून बरेच अभ्यासक १५९९ च्या जवळपास धरतात. म्हाताऱ्या माणसांची वयं फुगवायची सवय जगभर आहे. 🙂

सदाफुलीताई, ही तीन भावांची गोष्ट लक्षात ठेवा. तुमच्या कामाची आहे, पुढे सांगतो.

शके_१७००

तारखांबद्दल एक सूचना. १७५२ पर्यंत इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं. जॉन हाउलंड २३ फेब्रुवारीला वारला. त्यांच्या हिशेबात ते साल १६७२, आपल्या हिशेबात १६७३. म्हणून पुस्तकांत १६७२/७३ असं दुहेरी छापतात. ज्यांनी पेशवे दफ्तरातले कागद वाचलेत त्यांना हे जड जाणार नाही. शकाचं वर्ष चैत्रात बदलतं, त्यामुळे पौष-माघातल्या पत्राला सरधोपट ७८ मिळवले की साल हमखास चुकतं. तीच गंमत इथे.

निवडुंग

सगळं छान चाललंय, पण एक खडा टाकतो. हे जिथे उतरले तिथे आधी पटक्सेट नावाचं वांपानोआग लोकांचं गाव होतं. १६१६ ते १६१९ च्या साथीत ते ओस पडलं, आणि साथ युरोपीय जहाजांबरोबर आली होती. मोकळी शेतं, उपसलेले झरे, सगळं यांना आयतं मिळालं. पन्नास-पंचावन्न वर्षांत वांपानोआगांशीच युद्ध, १६७५-७६ चं. हाउलंडचा मुलगा जाबेझ त्यात लढला. आजही थँक्सगिव्हिंगच्या दिवशी प्लिमथला मूळ रहिवासी शोकदिन पाळतात, १९७० पासून. 'आमचे पूर्वज पहिले आले' या वाक्यातल्या 'पहिले'चं काय करायचं?

सदाफुली

निवडुंग, मुद्दा मान्य. सूनबाईचंही हेच म्हणणं आहे, त्यावरून माय-लेकींची दरवर्षी जुंपते. नातीला दोन्ही गोष्टी कळाव्यात असं मला वाटतं. पण त्यासाठी आधी नातं खरं आहे का ते तरी कळू दे.

सिलिकॉन_शेंगदाणा

एवढं कशाला? डीएनए किट मागवा. थुंकी पाठवा, महिन्याभरात उत्तर.

दप्तरखाना

शेंगदाणाशेठ, तेवढं सोपं असतं तर माझ्यासारख्यांना कुणी विचारलं नसतं. आई-वडील दोघांकडून येणारा डीएनए दर पिढीला निम्मा होतो. अकरा पिढ्यांवर एका पूर्वजाचा सरासरी वाटा दोन हजारांत एक, आणि प्रत्यक्षात बहुतेकदा शून्यच. बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र टिकतं, पण त्यासाठी हाउलंड आडनावाचा सलग पुरुषवंशातला पुरुष हवा, आणि तिघे भाऊ असल्यामुळे तिघांचं वाय सारखंच. इथे ते निरुपयोगी.

आता मुख्य प्रश्न. ताई, विहीणबाईंचे ते न्यूयॉर्कचे हाउलंड क्वेकर, म्हणजे पाद्री न मानणाऱ्या त्या ख्रिस्ती पंथाचे, होते का?

सदाफुली

होते! तक्त्यात तसा उल्लेख नाही, पण विहीणबाईंना आठवतं की त्यांच्या आजोबांच्या घरी रविवारी सगळे गप्प बसून प्रार्थना करत. का हो?

दप्तरखाना

मग मन घट्ट करा. 🙂 जॉन हाउलंड क्वेकर झाला नाही. त्याचे दोन भाऊ, आर्थर आणि हेन्री, मागाहून आले. १६३३ पर्यंत हेन्री वसाहतीत पक्का बसलेला दिसतो. दोघेही क्वेकरांच्या बाजूला गेले. घरात सभा भरवल्या म्हणून दंड भरले, मताधिकार घालवला. हेन्रीचे वंशज डार्टमथ-न्यू बेडफर्ड भागात पसरले आणि तिथून न्यूयॉर्क राज्यात गेले. तेव्हा आडनाव हाउलंड, पंथ क्वेकर, गाव न्यूयॉर्कचं असलं की पहिला संशय हेन्रीवर घ्यायचा. तो मेफ्लॉवरवर नव्हता.

दुसरं म्हणजे, तुमचा तक्ता जिथे फाटतो तिथेच सगळ्यांचे फाटतात. सतराव्या शतकावर शेकडो लोकांनी काम करून ठेवलंय. मेफ्लॉवरच्या प्रवाशांच्या पहिल्या पाच पिढ्या तर संस्थेने कागदांसकट छापल्या आहेत. खरा चिखल १७८० ते १८५० चा. लोक न्यू इंग्लंड सोडून पश्चिमेला गेले. नव्या गावात जन्ममृत्यूची नोंद नाही, आणि १८५० च्या आधीच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकी नुसत्या रेघा. या भगदाडावर पूर्वी धंदे चालायचे. न्यूयॉर्कजवळ गुस्ताव्ह आंजू नावाचा माणूस श्रीमंतांना हव्या तशा वंशावळी बनवून विकायचा. १९४२ ला वारला, त्याच्या थापा अजून इंटरनेटवर फिरताहेत.

तुम्ही पुढील ठिकाणी बघा: न्यूयॉर्कच्या त्या काउंटीतल्या मृत्युपत्रांचे अर्ज, त्यांत सगळ्या वारसांची नावं द्यावी लागत. स्वातंत्र्ययुद्धातल्या पेन्शनच्या फायली, कारण विधवांना लग्न सिद्ध करायला लागायचं आणि त्या बिचाऱ्या घरच्या बायबलमधली जन्मनोंदींची पानंच फाडून जोडायच्या. पण क्वेकर असतील तर पेन्शन विसरा, ते लढतच नव्हते. त्यांच्याकडे त्याहून भारी चीज आहे: मासिक सभांची इतिवृत्तं. क्वेकर कुटुंब गाव बदलताना जुन्या सभेकडून नव्या सभेच्या नावे दाखला नेत असे. नवरा, बायको, मुलं, सगळ्यांची नावं. डार्टमथ सभा १६९९ ची. न्यू इंग्लंडची इतिवृत्तं ॲमहर्स्टला विद्यापीठात आहेत, बरीचशी ऑनलाइनही बघता येतात. तारखा वाचताना जपा. ते महिन्यांना नावं देत नाहीत, आकडे देतात, आणि १७५२ पूर्वी त्यांचा 'पहिला महिना' म्हणजे मार्च.

शके_१७००

+१. मी म्हणत होतो ना, चैत्र!

पावसाळी_छत्री

न्यू बेडफर्डचे हाउलंड म्हणजे त्या गडगंज श्रीमंत हेटी ग्रीनचं आजोळ ना? त्या सिल्व्हिया हाउलंड मावशीच्या मृत्युपत्रावरून १८६८ मध्ये गाजलेला खटला झाला. सही खरी की गिरवलेली हे ठरवायला हार्वर्डचे गणिती बेंजामिन पर्स साक्षीला उभे राहिले. ४२ सह्या घेऊन प्रत्येक सहीतल्या खाली ओढलेल्या ३० रेघा ताडून पाहिल्या आणि एवढं तंतोतंत जुळणं योगायोगाने अशक्य म्हणून सांगितलं. अवांतर आहे, पण राहवलं नाही.

टवाळ_कार्टं

या घराण्यात मृत्युपत्राशिवाय पान हलत नाही.

सदाफुली

धागा वर काढतेय. मध्ये बराच काळ गेला, टंकायचा कंटाळाही आला, पण हाती लागलं ते सांगते.

दप्तरखाना म्हणाले तेच निघालं. न्यूयॉर्कच्या सभेच्या वहीत दाखला सापडला: १७९० च्या दशकातला, डार्टमथ सभेकडून आलेला. नवरा, बायको आणि मुलं एका ओळीत. आत्यांच्या तक्त्यातली वरची तीन नावं त्यात नाहीतच. डार्टमथच्या जन्मनोंदी लावत गेले तर घर हेन्रीचा मुलगा झोएथ याच्याकडे जातं. हा झोएथ पाद्र्यांविरुद्ध बोलला म्हणून खोड्यात अडकवला गेला होता आणि पुढे त्या १६७५-७६ च्या युद्धात मारला गेला.

विहीणबाईंना कसं सांगावं कळेना. शेवटी आर्थरच्या मुलाची गोष्ट सांगून सुरुवात केली. हा धाकटा आर्थर गव्हर्नर थॉमस प्रेन्सच्या मुलीच्या प्रेमात पडला. प्रेन्स क्वेकरांचा हाडवैरी. बापाच्या परवानगीविना मुलीचं मन वळवलं म्हणून १६६७ मध्ये कोर्टाने पोराला पाच पौंड दंड केला आणि पुन्हा असं करणार नाही म्हणून जामीन लिहून घेतला. आणि दोघांनी लग्न केलंच! विहीणबाई खो खो हसल्या. म्हणाल्या, आमचं घराणं असंच आहे. मग मूळ बातमी दिली. दोन मिनिटं शांत, मग म्हणाल्या, म्हणजे आता नातीचं नाव नाही लागणार?

मी म्हटलं, नाही.

निवडुंग

दंड भरून बंड करणारे पूर्वज मला तरी गव्हर्नरच्या जावयापेक्षा आवडले असते.

दप्तरखाना

ताई, 'नाही' म्हणायची घाई झाली! तुम्ही फक्त हाउलंड आडनावाच्या पुरुषांची रांग वर चढलात. त्या रांगेत प्रत्येक पिढीला एक बाईही आहे. त्यांची माहेरं बघितलीत का?

आपल्याकडेही हाच रोग आहे. कुलवृत्तांत उघडा, पुरुषांची बारा पिढ्यांची पानं भरलेली असतात, आणि बायकांपुढे सासरी बदललेलं नाव, माहेरचा ठिकाणा नाही. एलिझाबेथ टिलीला परका बाप चिकटला तो तरी कशामुळे? तिचं माहेर विचारायची गरज कुणाला वाटली नाही म्हणूनच. तिचं १६८६ चं मृत्युपत्र वाचा. त्यात आवडत्या लेकीला, लिडियाला, दिलंय काय: पिसांची उत्तम गादी, उशा, हिरवी गोधडी, छोटं पितळी पातेलं, छोटं बायबल. शेवटची वर्षं तिने याच लेकीकडे स्वॉन्झीला काढली. ही बाई दहा मुलं वाढवून नवऱ्यानंतर चौदा वर्षं जगली.

डार्टमथ गावची एक खासियत. मेफ्लॉवरवरचा जॉन कुक, लहान वयात वडील फ्रान्सिस कुक यांच्याबरोबर आलेला, पुढे तिथेच स्थायिक झाला आणि १६९५ मध्ये वारला. त्याच्या वंशाला कुक आडनाव उरलं नाही, कारण पुढे वंश चालला तो पाच मुलींचा. त्यांची सासरं: हॅथवे, विल्कॉक्स, वेस्ट, आणि दोघी टेबर घराण्यात. पुढच्या शंभर वर्षांत त्या गावात सगळ्यांची सगळ्यांशी लग्नं झाली. तुमच्या दाखल्यातल्या बाईचं माहेर काय?

सदाफुली

थांबा, वही काढते.

टेबर!!!

टवाळ_कार्टं

😮

कोरा_कागद

अंगावर काटा आला. दप्तरखाना, दंडवत घ्या.

दप्तरखाना

पेढे एवढ्यात नको. टेबर किती तरी आहेत. पण योग चांगला आहे. फिलिप टेबरची बायको जॉन कुकची मुलगी मेरी. त्याचा भाऊ थॉमस, त्याची पहिली बायको एस्थर, तीही जॉन कुकची मुलगी. ती गेल्यावर त्याने केली मेरी थॉमसन, आणि तिची आई फ्रान्सिस कुकचीच मुलगी. म्हणजे थॉमसची मुलं पहिलीची असोत की दुसरीची, फ्रान्सिस कुकपर्यंत पोचतातच. तुमची टेबरबाई या दोघा भावांपैकी कुणाच्या तरी शाखेतली आहे हे कागदावर दाखवता आलं की काम झालं. मधल्या तीनेक पिढ्या आहेत, त्यांतली एकही गृहीत धरायची नाही.

आधी तिच्या लग्नाचा दाखला शोधा. क्वेकर लग्नाला भटजी-पाद्री नसतो. वधूवर सभेत उभे राहून वचन देतात आणि हजर असलेले सगळे दाखल्यावर सह्या करतात. आईवडील, भाऊबहिणी, काका, बहुतेक वेळा वधूवरांच्या नावाखालीच. त्या सह्या उतरवून इथे टाका, मग शाखा लावू.

सदाफुली

डार्टमथच्या विवाहनोंदींचं पान उघडलंय. अक्षर किरटं आहे, पण मोडी वाचलेल्या डोळ्यांना चालेल. टेबर आडनावाच्या सह्या भरपूर दिसताहेत. उतरवून रात्री टाकते. विहीणबाईंना तूर्त काहीही सांगणार नाही, तुम्हीही इथे 'अभिनंदन' लिहू नका, सूनबाई हा धागा भाषांतर करून वाचते.